वेताळ प्रियकर का झाला नाही?

ज्यांची मुळे कोकणात आहेत त्यांना आरवलीचा वेतोबा ठाऊक असतो. त्याला केळ्यांचा घड आणि चामडी वहाणांचा जोड वाहतात. सुरतेत वाढलेली आमची नात मात्र इंग्रजी कादंबऱ्यांतील रक्तपिपासू, पण देखण्या प्रियकरांत रमते. स्टेफनी मेयर यांची 'ट्वायलाइट' (२००५) तिने दोनदा वाचली. "आजोबा, व्हँपायर म्हणजे आपला वेताळच ना?" असे तिने विचारले, आणि चटकन उत्तर सुचेना.

हे समीकरण इंग्रजी वाचकांत रुजविण्यात रिचर्ड बर्टनचा वाटा मोठा. कंपनीच्या फौजेतील हा तरुण अधिकारी १८४२ साली गायकवाडांच्या बडोद्यास आला आणि तेथे गुजराती शिकला. वेताळकथा या प्रदेशात नव्या नव्हत्या; अठराव्या शतकात शामळ भट्टाने त्या गुजरातीत आणल्या होत्या. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३० ची. बर्टनने १८७० मध्ये त्या इंग्रजीत रंगविल्या आणि शीर्षकातच वेताळाला 'व्हँपायर' केले. पुढे 'ड्रॅक्युला' (१८९७) लिहिणारा ब्रॅम स्टोकर बर्टनला भेटला होता. बोलताना बर्टनचा ओठ उचलला जाऊन सुळा दिसे, असे त्याने आठवणींत नोंदविले आहे. एवढ्यावरून ड्रॅक्युलाचे मूळ बडोद्यात शोधणे हास्यास्पद ठरेल. मोह मात्र होतो.

वस्तुतः ही दोन कुळे वेगळी. युरोपीय पिशाचाला उमरावाचे मोहक रूप दिले ते बायरनचा वैद्य पॉलिडोरी याने, १८१९ मध्ये. आपला वेताळ परक्या प्रेतात वस्ती करतो, रक्ताऐवजी उत्तरे मागतो. आणि त्याचे प्रश्न पुष्कळदा प्रेमाचेच असतात! मंदारवती मरते. तिच्या तीन प्रार्थकांपैकी एक तिच्या राखेवर निजतो, दुसरा अस्थी गंगेस नेतो, तिसरा मंत्राने तिला उठवितो. पती कोण? राजा म्हणतो, उठविणारा पिता, अस्थी नेणारा पुत्र, राखेवर निजणारा पती.

न्याय चोख आहे. पण जिवंत झालेल्या मंदारवतीला कोणी विचारीत नाही, वेताळही नाही. उलट ड्रॅक्युलाला घरातील कोणी आत बोलाविल्याखेरीज प्रथम उंबरा ओलांडता येत नाही. पुढच्या प्रणयकथांनी हा उंबरा नायिकेच्या हाती दिला. समोरचा शेकडो वर्षांचा, अफाट बळाचा. तरी तिच्या होकारासाठी तो थांबतो. तरुण वाचकांना सुळ्यांपेक्षा हे थांबणेच अधिक भुरळ घालीत असावे.

नातीला मी मंदारवतीची गोष्ट सांगितली. तिने लगेच विचारले, "तिला कोण आवडत होता?"