लंडनचा जुना दगडी पूल व नदीपात्रांतील साधनें

वाढत्या शहरांत जुना पूल राखावा कीं पाडावा, हा वाद नेहमींचाच आहे. परंतु तो पाडावयाचें ठरल्यावर त्याच्या बुडाशीं जें हातीं लागतें त्याची व्यवस्था काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. या दृष्टीनें लंडन येथील थेम्स नदीवरील जुन्या पुलाची हकीकत संग्राहकांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे.

कोलचर्चचा पीटर या धर्मोपदेशकानें हा पूल इ. स. ११७६ त बांधावयास घेतला. काम १२०९ त पुरें झालें. त्यास १९ कमानी असून वर दुतर्फा घरें होतीं. कमानी अरुंद असल्यामुळें प्रवाह तुंबे व ओहोटीस पाणी त्यांतून धबधब्यासारखें कोसळे. १७६२ पर्यंत घरें काढून रस्ता रुंद केला. तरी वाढती रहदारी त्यास पेलेना. अखेर जॉन रेनीच्या आराखड्यावरून शेजारींच पश्चिमेस ५ कमानींचा नवा पूल १८२४ त आरंभून १८३१ त खुला झाला, व जुना पाडण्यांत आला.

त्या सुमारास पात्र उपसलें असतां हजारों रोमन नाणीं निघालीं. १८३४ त सम्राट् हेड्रियनचें कांशाचें मस्तक सांपडलें. उपसलेली रेती मात्र दूरच्या वाटांवर पसरण्यांत आली, व तिच्यासंगें पुष्कळ नाणींही गेलीं. चार्ल्स रोच स्मिथ या औषधविक्रेत्यानें मजुरांकडून मिळेल तें विकत घेतलें आणि सांपडण्याच्या जागेचा विचार करून त्यावर निबंध लिहिला. त्याच जागीं रोमन काळींही पूल असावा, या अनुमानास हीं नाणींच आधार झालीं. त्याचा संग्रह ब्रिटिश म्यूझियमनें १८५६ त २००० पौंडांस घेतला.

पुढें रेनीचा पूलही अपुरा पडला. १९६८ त तो अमेरिकेस विकला गेला व दर्शनी दगडांस क्रमांक घालून ॲरिझोना प्रांतांत १९७१ त पुन्हा उभारला. यावरून आमचें मत असें कीं, दगड क्रमवार नेतां येतात. पण गाळाचे थर एकदां ढवळले म्हणजे त्यांचा क्रम कायमचा मोडतो. सांपडल्या जागेची नोंद नसलेलें नाणें संग्रहास शोभा देईल, इतिहासास साक्ष देणार नाहीं. यास्तव जेथें जुना पूल निघेल तेथें पहिल्या दिवसापासून टिपणवही घेऊन कोणीतरी हजर असावें.