भिजत घोंगडे आणि वळचणीचा कोट

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत आज घोंगडे शोधूनही सापडायचे नाही. तरीही एखादे काम रेंगाळले की 'त्याचे भिजत घोंगडे पडले' असे आपण सहज म्हणतो. ओले घोंगडे किती जड होते आणि वाळायला किती वेळ घेते, हे अनुभवलेल्या माणसांनी हा वाक्प्रचार घडवला. वस्तू गेली, बोल राहिला. अशीच गोष्ट दूरच्या हंगेरी देशातील एका लोकरी कोटाची आहे. यंदाच्या अंकात ती आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

या कोटाचे नाव 'स्यूर'. हंगेरीच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांवर मेंढ्या आणि गुरे राखणाऱ्यांचे ते पांघरूण. स्क्रूसारखी पिळाची, सरळ वर जाणारी शिंगे असलेल्या रात्स्का जातीच्या मेंढ्यांची राठ लोकर त्यासाठी वापरीत. विणलेले कापड पाणचक्कीवर ओले करून कुटले जाई. त्यामुळे ते आटून इतके दाट होई की पाऊस-वारा सहजी आत शिरत नसे. आपल्याकडे सणगर आणि खुटेकर धनगर चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी विणतात. तंत्र वेगळे, पण गरज तीच : उघड्या माळावर माणसाला तगवायचे.

शिवण अगदी साधी. सारे तुकडे चौकोनी, सरळ रेषेत कापलेले. कापड वाया जाऊ द्यायचे नाही. कुटलेल्या कापडाचे दोरे सुटत नाहीत, म्हणून कडा दुमडण्याची गरज नसे. कोट खांद्यांवर नुसता टाकायचा आणि छातीशी चामडी पट्ट्याने अडकवायचा. बाह्यांत हात क्वचितच जात. पुष्कळदा बाह्यांची तोंडे शिवून टाकीत आणि त्यांचा खिशासारखा उपयोग करीत. पाठीवर रुंद चौकोनी कॉलर लोंबे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या साध्या कोटावर हाताचे भरतकाम फुलू लागले. कॉलर, बाह्या आणि बाजूच्या पट्ट्या गुलाब, ट्यूलिप, कार्नेशन यांनी भरून जाऊ लागल्या. हा कोट शिवणाऱ्या शिंप्यांचे स्वतंत्र संघ होते. बाकोन्य डोंगरभागातला कोट आणि देब्रेत्सेनकडचा कोट जाणकार दुरूनच ओळखीत. मात्र गुराख्याने इतके नटावे हे अधिकाऱ्यांना रुचले नाही. अशा कोटापायी गरीब पोरे पैसा उधळतात, प्रसंगी चोरीही करतात, असे कारण देऊन काही जिल्ह्यांनी नक्षीदार स्यूरवर बंदी घातली. बंदीने तो संपला नाही. नक्षी उलट अधिकच भरगच्च झाली.

लग्नाच्या बोलणीतही या कोटाला मान होता. तरुण मुलीच्या घरी जाई आणि निघताना कोट 'विसरून' येई. सकाळी तो घरातच राहिला असेल तर मागणी घालायला हरकत नाही. बाहेर वळचणीला टांगलेला दिसला, तर नकार समजायचा. तोंडाने कुणी कुणाला दुखवायचे नाही. एखाद्याला घालवून दिले की 'त्याचा स्यूर बाहेर ठेवला' असे हंगेरियन माणूस आजही म्हणतो.

१८४८-४९ मध्ये हॅब्सबर्ग सत्तेविरुद्धचा उठाव चिरडला गेला. त्यानंतर देशी पेहराव हाच मूक निषेध ठरला आणि गुराख्यांच्या या कोटाकडेही हंगेरियनपणाची खूण म्हणून पाहिले जाऊ लागले. शतकाच्या उत्तरार्धात शिलाई यंत्र आले. हाताच्या टाक्यांच्या जागी कापडी नक्षी कापून यंत्राने शिवली जाऊ लागली. पुढे गिरणीच्या स्वस्त कपड्यांपुढे शिंप्यांचा धंदाच बसला. अधिकाऱ्यांच्या हुकमाला जे जमले नाही, ते बाजाराने केले. आज जुने स्यूर मुख्यतः संग्रहालयांत पाहायला मिळतात.

उत्सवात आपण नऊवारी नेसतो, फेटे बांधतो, चार दिवसांनी ते कपाटात जातात. त्यात वाईट काही नाही. पण वस्त्राबरोबर त्याचे शब्दही कपाटात गेले, तर पुढच्या पिढीला ओचा, कासोटा, बाराबंदी, घोंगडे ही नुसती शब्दकोशातली नावे उरतील. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना असे शब्द आणि त्यांमागच्या रीती अजून आठवतात. आरतीनंतर घटकाभर त्यांच्याजवळ बसून त्या लिहून घ्याव्यात, अशी वाचकांना आमची विनंती आहे. या कामाचे तरी भिजत घोंगडे पडू नये.