रोक्कासेक्काचा बंदिवान

श्रद्धा घरातून मिळते. पण ती घरच्यांच्या इच्छेनुसारच जगावयाची काय? हा प्रश्न आजच्या तरुण पिढीने उपस्थित केला आहे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः तो फार जुना आहे. ज्यांच्या ग्रंथांवर सेमिनरींतून पिढ्यान्‌पिढ्या धर्मगुरू घडले, त्या संत थॉमस अक्वायनस यांना या प्रश्नापायी आपल्याच माणसांच्या हातून सुमारे वर्षभर बंदिवास भोगावा लागला होता.

थॉमस यांचा जन्म इ. स. १२२५ च्या सुमारास इटलीतील रोक्कासेक्का येथील गढीत झाला. वडील लँडोल्फ हे सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या पक्षाचे सरदार. धाकट्या मुलाला धर्मसेवेत द्यावे, ही त्या काळच्या सरदार घराण्यांची रीत. त्यानुसार पाचव्या-सहाव्या वर्षीच थॉमसना जवळच्या माँते कास्सिनो येथील बेनेडिक्टाइन मठात ठेवण्यात आले. मठ प्राचीन व विस्तीर्ण जमिनींचा धनी होता. मुलगा एक दिवस तेथील मठाधिपती होईल आणि घराण्याचे बळ वाढेल, ही आईवडिलांची अपेक्षा होती. त्यात श्रद्धा नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. मात्र श्रद्धा आणि प्रतिष्ठा यांची तेथे सरमिसळ झाली होती.

१२३९ मध्ये सम्राट व पोप यांच्यातील संघर्षाची झळ मठाला लागली आणि थॉमस नेपल्सच्या विद्यापीठात आले. तेथे त्यांना डॉमिनिकन संघाचे व्रतस्थ भेटले. १२१६ साली मान्यता मिळालेला हा संघ तेव्हा नवाच होता. त्याचे सभासद भिक्षेवर जगत, अध्ययन करीत व प्रवचने देत. १२४४ च्या सुमारास थॉमसनी त्यांचा झगा अंगावर चढविला. सरदारपुत्र भिक्षेकरी झाला!

वडील तोवर निवर्तले होते. आई थिओडोरा मुलाच्या मागोमाग निघाली. पण संघाने त्याला आधीच उत्तरेकडे धाडले होते. तेव्हा तिने सम्राटाच्या सैन्यातील थोरल्या मुलांना निरोप पाठविला. त्यांनी थॉमसना वाटेतच पकडून घरी आणले. झगा उतरविण्यासाठी विनवण्या झाल्या, धाकही दाखविण्यात आला. थॉमस भांडले नाहीत आणि नमलेही नाहीत. त्यांनी तो काळ पवित्र शास्त्राच्या वाचनात घालविला, असे त्यांचे जुने चरित्रकार सांगतात. १२४५ मध्ये त्यांची सुटका झाली आणि ते आपल्या संघात परतले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. थॉमसनी वारशाने आलेली श्रद्धा टाकली नव्हती. तिचा घराण्याने ठरविलेला उपयोग तेवढा त्यांनी नाकारला. पुढे ‘सुम्मा थिओलॉजिए’ या आपल्या महाग्रंथात त्यांनी या प्रश्नाचा शांतपणे विचार केला. विवाह करावा की ब्रह्मचर्य पत्करावे, या बाबतीत आईवडिलांची आज्ञा मुलांवर बंधनकारक नाही, असे ते लिहितात. पण लगेच दुसरी बाजूही मांडतात : आईवडील गरजवंत असून मुलावाचून त्यांचा निर्वाह होणे शक्य नसेल, तर त्यांना टाकून मठात जाणे योग्य नव्हे.

त्याहून विलक्षण आहे ती त्यांची आणखी एक भूमिका. यहुदी मुलांना आईवडिलांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा द्यावा काय, या प्रश्नाला त्यांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. विवेक जागृत होईपर्यंत मूल आईवडिलांच्या छायेत असते. तेथून त्याला हिरावणे हा नैसर्गिक न्यायाचा भंग होय. विवेक आल्यावर मात्र ते स्वतःचे होऊ लागते, आणि तेव्हाही त्याला श्रद्धेकडे न्यावयाचे ते समजावून, बळाने नव्हे. ज्याला घरच्यांनी कोंडून ठेवले, त्यानेच आईवडिलांच्या हक्काचे असे रक्षण करावे, हे आम्हांस त्यांच्या थोरवीचे गमक वाटते.

घराशी त्यांचा संबंधही तुटला नाही. १२७२ मध्ये मेहुणा वारला, तेव्हा त्याच्या मृत्युपत्राची व्यवस्था त्यांनीच पाहिली. १२७४ मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, माँते कास्सिनोच्या मठाधिपतींनी विचारलेल्या एका शंकेला त्यांनी पत्राने उत्तर धाडले. ज्या आसनावर घरच्यांना त्यांना बसवावयाचे होते, त्याच आसनावरील व्यक्तीला त्यांनी पुत्राच्या नम्रतेने लिहिले.

वसईच्या किल्ल्यात डॉमिनिकन मठाचे भग्नावशेष आजही उभे आहेत. थॉमस यांच्या संघाचे व्रतस्थ आपल्या किनाऱ्यावरही येऊन गेले, याची ती साक्ष. त्याच किनाऱ्यावरील आपल्या घरांत आज एखादा मुलगा पाचारण ऐकतो आणि आई अश्रू ढाळते. दुसऱ्या घरी आईने नवस बोललेला असतो आणि मुलाला सेमिनरी नको असते. दोन्ही घरांत प्रेम आहे आणि भीतीही आहे. थिओडोराचेही मुलावर प्रेमच होते. रोज संध्याकाळी आपण मुलांसमवेत रोझरी म्हणतो, ती त्यांनी स्वतःच्या मनाने देवाला ‘होय’ म्हणावे यासाठी, की आपल्याला ‘होय’ म्हणावे यासाठी? प्रत्येक धर्मग्रामातील आईवडिलांनी हे स्वतःस विचारावे, अशी आमची नम्र विनंती आहे.