बेरजेकडून व्यक्तीकडे : भारतातील आरोग्यनोंदींचा इतिहास

भारतातील सार्वजनिक आरोग्याची संगणकीय व्यवस्था कोऱ्या पाटीवर उभी राहिली नाही. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेची नोंदवही आधीपासून होतीच. संगणकाने प्रारंभी त्या वहीतील नावे घेतली नाहीत. घेतली ती पानाच्या तळाची बेरीज.

नोव्हेंबर २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्याची माहिती दर आठवड्याला तीन प्रपत्रांतून वर जाई : आरोग्य कर्मचाऱ्याने लक्षणांवरून भरलेले ‘एस’, डॉक्टरांच्या संभाव्य निदानाचे ‘पी’ आणि प्रयोगशाळेने निश्चित केलेल्या रुग्णांचे ‘एल’. २००८ मध्ये आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली (एचएमआयएस) आली. तिच्यात आधी जिल्ह्याचे एकत्रित आकडे भरले जात. एप्रिल २०११ पासून प्रत्येक आरोग्य संस्थेचे आकडे स्वतंत्रपणे येऊ लागले.

नियोजनासाठी बेरीज पुरते. मात्र ती उलट दिशेने सोडवता येत नाही. ‘अतिसाराचे सात रुग्ण’ एवढेच कळले, तर ते सातही जण एकाच विहिरीचे पाणी पीत होते का, हे त्या आकड्यातून कधीच काढता येत नाही. साथ रोखण्यासाठी नेमके तेच हवे असते.

म्हणून २००९ मध्ये माता व बालकांचा नावनिशीवार मागोवा घेणारी प्रणाली आली. जुनी प्रणालीही चालूच राहिली. एकाच प्रसूतीची नोंद एकदा नावाने आणि एकदा बेरजेत होऊ लागली. दोन्ही नोंदींचा भार आरोग्यसेविकेवरच पडला, आणि दोन्हींचे आकडे अनेकदा जुळत नसत. नवी रचना जुन्या रचनेच्या शेजारी उभी राहिली, तिच्याशी जोडली गेली नाही.

पुढील दोन प्रयत्नांत जोडणीचा विचार अधिक दिसतो. २०१८ मध्ये सात राज्यांत आणि ५ एप्रिल २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या एकात्मिक आरोग्य माहिती मंचाने साप्ताहिक बेरजेऐवजी प्रत्येक रुग्णाची स्थळासह नोंद स्वीकारली. रोगांची संख्या १८ वरून ३३ झाली. पण एस, पी, एल हा कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडलेला क्रम तसाच ठेवला. लसींचा साठा व तापमान पाहणारी ‘ईविन’ प्रणाली २०१५ पासून कार्यरत होती. जानेवारी २०२१ मध्ये तिच्याच पायावर ‘कोविन’ उभी राहिली आणि कुप्यांच्या हिशेबाला लस घेणाऱ्या व्यक्तीची नोंद जोडली गेली.

व्यक्तीची नोंद आली की एक जोखीमही येते. बेरजेत माणूस हरवतो, पण सुरक्षितही राहतो. क्षयरोग किंवा एचआयव्हीच्या रुग्णाचे नाव उघड होणे म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची रचना म्हणूनच विकेंद्रित आहे : नोंद जिथे निर्माण झाली तिथेच राहते, १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाने ती रुग्णाशी जोडली जाते आणि रुग्णाच्या संमतीनेच दुसरीकडे जाते. मात्र संमती अर्थपूर्ण ठरायची, तर ती कशासाठी मागितली जात आहे हे रुग्णाला समजले पाहिजे.

या इतिहासातून एक साधी कसोटी हाती लागते. नवी प्रणाली आल्यावर आरोग्यसेविकेच्या टेबलावरील किती वह्या बंद झाल्या? एकही झाली नसेल, तर एकात्मीकरण अजून कागदावरच आहे.