तळहातावरचे चांद्रयान

बुद्धिबळात आपण एक चाल करतो आणि मग प्रतिस्पर्ध्याच्या चालीची वाट पाहतो. विचार करायला वेळ मिळतो, कारण चाल होईपर्यंत पटावरचे काहीच हलत नाही. संगणकावरचेही पुष्कळ खेळ असे चालींचे असतात. १९८९ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा गेम बॉय बाजारात आला, तेव्हा असे खेळ खिशात घेऊन हिंडता येऊ लागले. पण त्याआधी चौदा वर्षे, अवकाशयान उतरवण्याचा चालींचा एक खेळ तळहातावर येऊन पोहोचला होता. तो चालत होता कॅल्क्युलेटरवर! या खेळाचा इतिहास शिक्षकांच्या उपयोगाचा आहे, म्हणून येथे देत आहोत.

२० जुलै १९६९ रोजी आर्मस्ट्राँग आणि आल्ड्रिन चंद्रावर उतरले. त्याच वर्षी, काही महिन्यांनी, अमेरिकेतील लेक्सिंग्टन हायस्कूलच्या जिम स्टोरर या विद्यार्थ्याने पीडीपी-८ या संगणकासाठी चंद्रावर उतरण्याचा खेळ लिहिला. चित्रे नव्हती, टेलिटाइप यंत्र कागदावर आकडे छापत असे. यान १२० मैल उंचीवर, वेग ताशी ३,६०० मैल, इंधन १६,००० पौंड. दर दहा सेकंदांनी यंत्र विचारी, 'आता सेकंदाला किती पौंड इंधन जाळायचे?' खेळाडूने आकडा दिला की पुढच्या दहा सेकंदांचा हिशेब होऊन नवी उंची आणि नवा वेग छापला जाई.

दहा सेकंदांचेच तुकडे का? इंधन जळते तसे यान हलके होत जाते, म्हणजे तेवढ्याच जोराने त्याचा वेग अधिक बदलतो. खेळाडू मनाला येईल तसे इंधन जाळणार असेल, तर संपूर्ण प्रवासाचे एक सूत्र मांडता येत नाही. मात्र काळाचे तुकडे पाडले आणि एका तुकड्यापुरता इंधनाचा दर कायम धरला, की हिशेब आवाक्यात येतो. ग्रहांच्या कक्षा काढण्यासाठी गणिती हीच युक्ती वापरत आले आहेत. म्हणजे खेळातली 'चाल' आणि गणितातला 'तुकडा' ही एकच गोष्ट आहे.

डेव्हिड आल यांनी १९७३ मध्ये बेसिक भाषेतल्या १०१ खेळांचे पुस्तक काढले. त्यात हा खेळ आला आणि संगणकांवर सर्वत्र पसरला. १९७५ मध्ये हेवलेट-पॅकार्ड कंपनीचा एचपी-२५ हा कॅल्क्युलेटर निघाला. त्यात ४९ पायऱ्यांचा प्रोग्रॅम भरता येई, आणि कंपनीने दिलेल्या प्रोग्रॅमच्या पुस्तकात चांद्रावतरणाचा खेळही होता. यंत्र बंद केले की प्रोग्रॅम पुसला जाई. पुन्हा खेळायचे तर सगळ्या पायऱ्या पुन्हा दाबायच्या. साहजिकच खेळाडूला खेळाचे नियम आतूनबाहेरून ठाऊक होत. पुढच्या वर्षी आलेल्या एचपी-६७ च्या पडद्यावर वेग आणि उंची एकाच संख्येत दिसत: -५०.०५००. दशांशचिन्हाच्या डावीकडे वेग, उजवीकडे उंची.

हा खेळ आपण कागदावर खेळू. यान ५०० फुटांवर आहे आणि सेकंदाला ५० फूट वेगाने खाली येत आहे. टाकीत १२० मापे इंधन आहे. एक चाल म्हणजे एक सेकंद. दर चालीला चंद्राचे गुरुत्व यानाचा वेग ५ ने वाढवते (खरे मूल्य सुमारे ५.३ आहे). जाळलेले प्रत्येक माप तो १ ने कमी करते. जुन्या आणि नव्या वेगाची सरासरी उंचीतून वजा केली की चाल पूर्ण झाली.

सावध खेळाडू पहिल्या चालीपासूनच वेग आवरू लागेल. समजा, त्याने दर चालीला साडेसात मापे जाळली. वेग दर चालीला अडीचने घटेल. सोळा चालींनंतर यान २० फुटांवर असेल, वेग १० असेल आणि टाकी रिकामी! तेथून ते कोसळेल आणि सेकंदाला सुमारे १७ फूट वेगाने आपटेल.

आता दुसरा खेळाडू पाहा. तो पहिल्या पाच चाली काहीच जाळत नाही. वेग ७५ होतो आणि उंची साडेसत्याऐंशी नव्हे, १८७.५ उरते. मग तो सलग पाच चाली वीस-वीस मापे जाळतो. वेग ६०, ४५, ३०, १५ आणि ० होतो आणि त्याच क्षणी उंचीही शून्य होते. यान अलगद टेकते, शिवाय २० मापे शिल्लक!

सावधपणा का अंगाशी आला? यान अधांतरी असेपर्यंत दर सेकंदाला ५ मापे निव्वळ गुरुत्वाला तोलण्यात खर्च होतात. अलगद उतरायला लागणारे इंधन म्हणजे सुरुवातीचा वेग ५०, अधिक प्रवासाच्या सेकंदांची पाचपट. १२० मापांत आपल्याला चौदाच सेकंद मिळतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे 'विक्रम' चंद्रावर उतरले, तेव्हा ते सुमारे ३० किलोमीटर उंचीवरून निघाले होते आणि त्याचा वेग बहुतांशी आडवा होता. पण वेळ, वेग आणि इंधन यांची ओढाताण तीच होती.

सोव्हिएत संघात १९८० च्या दशकात इलेक्ट्रॉनिका बी३-३४ हा ९८ पायऱ्यांचा कॅल्क्युलेटर मिळत असे. 'तेखनिका मोलोद्योझी' या तरुणांसाठीच्या विज्ञान-तंत्रज्ञान मासिकात मिखाईल पुखोव यांनी १९८५-८६ मध्ये एक विज्ञानकथा क्रमशः लिहिली. 'कोन-टिकी' नावाचे छोटे चांद्रयान पृथ्वीपर्यंत आणायचे, अशी ती कथा. सोबत कॅल्क्युलेटरचे प्रोग्रॅम छापलेले असत. वाचकाने ते भरायचे आणि कथेतल्या यानाचे उड्डाण स्वतः करून पाहायचे. मासिकाचा वाचक असा वैमानिक झाला.

आता पुन्हा आपल्या कागदाकडे वळू. एखादी चलाख मुलगी सात चाली काहीच जाळणार नाही. वेग ८५, उंची २७.५. आठव्या चालीला ती सगळी १२० मापे एकदम जाळील. नवा वेग होईल ३०, पण वरच्या दिशेने! सरासरी २७.५, म्हणून उंची बरोबर शून्य. कागद म्हणतो, यान जमिनीवर आहे. प्रत्यक्षात त्या एका सेकंदात ते जमिनीखाली सुमारे चार फूट जाऊन परत वर आलेले असते. आपण फक्त चालीची दोन टोके पाहिली, मधले पाहिलेच नाही.

स्टोररने ही अडचण ओळखली होती. चालीच्या मध्येच यान खालून वर वळत असेल, तर तो सर्वांत खालचा क्षण काढणारे सूत्र त्याने प्रोग्रॅममध्ये घातले होते. २०२४ मध्ये मार्टिन सी. मार्टिन या संगणकतज्ज्ञाने तो जुना प्रोग्रॅम तपासला. सर्वांत कमी इंधनात उतरण्याची चाल त्याला हवी होती, पण उत्तर जुळेना. शोधता शोधता चूक सापडली ती नेमकी याच सूत्रात: वर्गमुळाखालच्या एका पदाला दोनाने भागायचे राहून गेले होते. पंचावन्न वर्षे असंख्य लोक हा खेळ खेळले होते. चूक शेवटी सापडली, कारण प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ वाचायला उपलब्ध होती.

आजच्या खेळयंत्रांवरची चित्रे कितीतरी देखणी आहेत, पण त्यांचे नियम सहसा बंद डबीत असतात. वर्गात मात्र आपण डबी उघडी ठेवू शकतो. मुलांच्या जोड्या करा. एकाने वैमानिक व्हावे, दुसऱ्याने हिशेब करावा. मग विचारा: सहा चाली काहीच न जाळता यान वाचवता येईल का? आणि एक चाल अर्ध्या सेकंदाची केली, तर त्या चलाख मुलीची युक्ती पकडली जाईल का?