पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग निवडताना
सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळी सुटताच मागे गेलेली स्लाइड रिकॉइल स्प्रिंग पुन्हा पुढे आणते. स्प्रिंग सैल पडली, तर स्लाइड चौकटीवर जोराने आदळते. फार ताठ असली, तर रिकामे काडतूस नीट बाहेर पडत नाही. पाच इंची नळीच्या .४५ ‘१९११’ पिस्तुलास १६ पौंडांची स्प्रिंग प्रमाण मानली जाते. सौम्य काडतुसांसाठी हलकी निवडतात. निर्मात्याने दिलेले माप पाळावे व बदल क्लबच्या शस्त्रागारातील जाणकाराकडूनच करून घ्यावा.
चांगी बिझनेस पार्कमधील नेमबाजांनी एक ध्यानात ठेवावे : सिंगापूरचा १९७३चा शस्त्र-अपराध कायदा आणि भारताचा १९५९चा शस्त्र अधिनियम, दोन्हींच्या व्याख्येत सुटे भागही येतात. पुण्या-कोल्हापुरातल्या मित्रासाठी स्प्रिंग विनापरवाना सामानात टाकू नये.