पंचावन्न वर्षांची चढाई

भातकापणी उरकली की पनवेलपासून उरण, पेण, अलिबागपर्यंत गावोगावी कबड्डीची मैदानं आखली जातात. दिवस मावळला की झोत लागतात, ध्वनिक्षेपकावरून संघांची नावं पुकारली जातात. रायगडातल्या आगरी-कोळी वस्त्यांत या खेळाचं बाळकडू घरातच मिळतं. महाराष्ट्राच्या मुलीही या खेळात पिढ्यान्‌पिढ्या रमल्या, जिंकल्या. पण देशाबाहेरच्या मोठ्या मैदानाची वाट त्यांना फार काळ पाहावी लागली.

हुतुतूला, म्हणजेच कबड्डीला, नियमांची चौकट विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत सातारा-पुण्याकडे मिळाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे या खेळाची प्रात्यक्षिकं दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९५५ मध्ये कलकत्त्याला महिलांची. बुवा साळवींसारख्या संघटकांनी पुढे आयुष्य या खेळासाठी वेचलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो.

तेवढ्या काळात जग कुठे पोहोचलं होतं? १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिलांसाठी पहिल्यांदाच एक सांघिक खेळ ठेवला गेला, तो व्हॉलीबॉल. मासाए कासाईच्या नेतृत्वाखाली जपानने सोव्हिएत संघाला हरवून सुवर्ण जिंकलं आणि त्या संघातल्या बहुतेक मुली निचिबो या कापडगिरणीच्या चमूतल्या होत्या. दिवसा नोकरी आणि मग रात्री उशिरापर्यंत सराव, असा त्यांचा दिनक्रम. पण त्यांच्यापुढे ऑलिम्पिक होतं. आपल्या कबड्डीपटूंपुढे राष्ट्रीय स्पर्धा हेच शिखर होतं. पुण्याच्या शकुंतला खटावकर यांना १९७८-७९ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा आशियाई स्पर्धेत कबड्डीला स्थानच नव्हतं. १९९० मध्ये बीजिंगला पुरुषांची कबड्डी आली. महिलांची यायला आणखी वीस वर्षं लागली.

या खेळात काय पणाला लागतं, ते एका चढाईत दिसतं. हाताशी तीस सेकंद. तोंडाने ‘कबड्डी, कबड्डी’चा दम चालू. समोर साखळी धरून उभ्या असलेल्या सातजणी. कोणाला टिपलं नाही तरी ‘निदान रेषा’ ओलांडावीच लागते, नाहीतर चढाई करणारीच बाद. बोनसचा मोह धरावा, तर तो गुण सहा किंवा अधिक बचावपटू मैदानात असतील तरच मिळतो. पाय पुढे टाकला, की कोपऱ्यातली घोट्यावर झडप घालायला टपलेलीच असते.

२०१० मध्ये ग्वांगझूला महिला कबड्डी प्रथमच आशियाई स्पर्धेत खेळली गेली आणि भारताने सुवर्ण आणलं. म्हणजे कलकत्त्यापासून पंचावन्न वर्षं. मार्च २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताने इराणला २५-१९ असं हरवलं. त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे. राज्य सरकारने प्रत्येकीला एक कोटी रुपये जाहीर केले. मुंबईची अभिलाषा २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या संघातही होती. २०१५ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०१७ मध्ये इराणमधल्या गोर्गानला तिच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई अजिंक्यपद जिंकलं. खटावकरांच्या पिढीला जी मैदानं मिळाली नाहीत, त्यांवर अभिलाषाची पिढी खेळली.

२०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने भारताला २७-२४ असं हरवून सुवर्ण नेलं. त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्यांनी फारसी शिकून घेतली, सरावात योग आणि प्राणायाम आणला आणि परक्या देशाच्या मुलींना आपल्या मातीतला खेळ शिकवला. भारतासाठी पराभव जिव्हारी लागणारा होता. तरीही महाराष्ट्रातल्या एका बाईने प्रशिक्षक म्हणून आशिया जिंकला, ही नोंद मानाने करायला हवी.

पाच वर्षांनी हांगझूच्या आशियाई स्पर्धेत भारताने चिनी तैपेईला २६-२५ असं एका गुणाने नमवून सुवर्ण परत आणलं. त्या स्पर्धेतलं भारताचं ते शंभरावं पदक. संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. पदकं येतात, पण नियमित व्यावसायिक लीगचा प्रश्न उरतोच. प्रो कबड्डीच्या जोडीने २०१६ मध्ये तीन संघांची महिला स्पर्धा झाली, पुढच्या मोसमात ती झाली नाही. पुरुषांची लीग मात्र जोरात सुरू आहे. पनवेलच्या एखाद्या गावात आज दम धरायला शिकणाऱ्या मुलीला पुन्हा पंचावन्न वर्षं थांबायला लावायचं नसेल, तर महिलांची पूर्ण लांबीची लीग दरवर्षी झाली पाहिजे.